मुद्रा, मुदत आणि मुक्काम
युरोपला जाणाऱ्या व्यापारी कुटुंबांसाठी व्हिसाविषयी काही विचार

परमुलखात जाणाऱ्या माणसाच्या हाती राजाची मुद्रा असावी, हा दंडक काल-परवाचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मुद्राध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. एक माषक घेऊन त्याने प्रवाशाला मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यालाच जनपदात शिरता वा बाहेर पडता यावे, आणि मुद्रेवाचून आढळलेल्या जनपदवासीयास बारा पण दंड व्हावा, असे तेथे सांगितले आहे. खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला याहून जड शिक्षा. तो परका असेल तर सर्वांत जड. माषकाच्या जागी आज ९० युरो आले, मातीच्या ठशाच्या जागी पासपोर्टावर चिकटवलेला कागद आला, आणि सीमेवर मुद्रा तपासणाऱ्या माणसाच्या पुढ्यात संगणक आला. व्यवहाराचे मूळ स्वरूप मात्र फारसे पालटलेले नाही.

आपल्या समाजातील किती घरांत हा विषय आज जिव्हाळ्याचा झाला आहे, याची कल्पना वाचकांना आहेच. सांगलीची हळद आणि बेदाणा, इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी, मुंबईचा हिरा यांचे ग्राहक समुद्रापार आहेत. कोणी कोलोन येथील ‘अनुगा’ या खाद्यपदार्थांच्या मेळ्याला जातो, कोणी फ्रँकफर्टच्या ‘हाइमटेक्स्टिल’ या वस्त्रमेळ्याला, तर कोणाचा भाऊ वा भाचा अँटवर्पच्या हिरेबाजारात स्थिरावलेला असतो. लेक लग्न होऊन तिकडे गेलेली असते आणि तिच्या बाळंतपणासाठी आईला दोन-तीन महिने जायचे असते. इतके असूनही व्हिसाकडे आपण ‘ट्रॅव्हल एजंटचे काम’ म्हणून पाहतो. एजंटाने अर्ज भरावा, यात काहीच वावगे नाही. परंतु आपण कशासाठी, किती दिवस आणि कोणाच्या खर्चाने जात आहोत, हे घरात ठरले पाहिजे. ते एजंटाच्या टेबलावर ठरू लागले की पुढच्या बहुतेक अडचणींचे बीज तेथेच पडते.

या लेखात सर्व देशांचा धांडोळा घेण्याचा विचार नाही. अमेरिकेचे नियम वेगळे, आखातातले त्याहून वेगळे. ज्या प्रदेशाशी आपल्या व्यापाराचा सतत संबंध येतो आणि जेथे एकाच कागदावर अनेक देश मोकळे होत असल्यामुळे गैरसमजही पुष्कळ आहेत, त्या ‘शेंगेन’ क्षेत्रापुरते येथे लिहीत आहे.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीच्या काठचे एक लहानसे गाव. १४ जून १९८५ रोजी तेथे बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांनी परस्परांतील सीमातपासणी उठवण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे युरोपीय संघाचे सदस्य नसूनही त्यात आहेत. आयर्लंड व सायप्रस संघात असूनही त्यात नाहीत. ब्रिटन या क्षेत्रात कधीच नव्हते. ही शेवटची गोष्ट विसरल्यामुळे होणारा घोटाळा नेहमीचा आहे. अँटवर्पला चार दिवस, मध्ये लंडनच्या नातेवाइकांकडे दोन दिवस आणि परत अँटवर्पहून मुंबई, असा बेत आखला जातो. लंडनसाठी ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा काढलेलाही असतो. परंतु शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनचे विमान धरताच तो प्रवेश संपतो आणि परत अँटवर्पला येण्याचा दरवाजा बंद होतो. असा बेत असल्यास अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांची मागणी, कारणासह, लिहिली पाहिजे.

कोणता व्हिसा, हा पहिला प्रश्न

शेंगेन देशांचे व्हिसे मुख्यतः दोन जातींचे असतात. ‘सी’ वर्गाचा व्हिसा अल्प मुक्कामासाठी, म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. ‘डी’ वर्गाचा व्हिसा ९० दिवसांहून अधिक मुक्कामासाठी. तो त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा असतो आणि त्याचे नियमही त्या देशाचे. नोकरी, स्वतःचा धंदा, शिक्षण, पतीकडे वा पत्नीकडे राहायला जाणे ही सर्व ‘डी’ वर्गाची कारणे होत. अल्प मुक्कामाच्या व्हिसावर जाऊन तेथे पुढे ‘काहीतरी करून घेऊ’ हा विचार आपल्याकडे अजून ऐकू येतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणाचे तसे जमले असेलही. आज त्या भरवशावर मुलाला पाठवणे म्हणजे त्याचे पुढचे दरवाजे आपल्या हाताने लावून घेणे होय.

‘सी’ वर्गातही हेतू महत्त्वाचा आहे. पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यापारी भेट, वैद्यकीय उपचार हे हेतू अर्जात निरनिराळे असतात आणि प्रत्येकाची कागदपत्रे निरनिराळी मागितली जातात. व्यापारी भेटीत ग्राहकाशी बोलणी करणे, करारावर सही करणे, मेळ्याला भेट देणे, माल पाहणे, कारखाना पाहणे हे सर्व येते. तेथील दुकानात किंवा कार्यालयात बसून रोजचे काम करणे त्यात येत नाही. मग ते दुकान सख्ख्या काकांचे का असेना, आणि पगार एक युरोही न घेतला तरी. आपल्या कुटुंबपद्धतीत ‘काकांना दोन महिने हातभार लावायला गेला’ हे वाक्य किती सहज निघते! तेथील श्रमनिरीक्षक मात्र त्याला विनापरवाना काम म्हणतात. त्यात पाहुणाही सापडतो आणि यजमानाच्या पेढीलाही दंड होतो.

मुलीकडे जाणाऱ्या आईने ‘पर्यटन’ लिहू नये, ‘कुटुंबभेट’ लिहावे. मेळ्याला जाणाऱ्याने, पर्यटनाचा व्हिसा सोपा असतो म्हणून, सहलीचा बनाव रचू नये. नकार मिळालेल्या अर्जांत आढळणारे एक नेहमीचे कारण असे, की मुक्कामाचा हेतू व परिस्थिती पटण्याजोगी मांडलेली नाही. हेतू खरा असला, पण कागद दुसऱ्याच हेतूचे जोडले, तर अधिकाऱ्याला ते कसे पटावे?

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हेही हेतूवरूनच ठरते. ज्या देशात मुख्य काम आहे किंवा सर्वांत जास्त दिवस मुक्काम आहे, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावा. सर्वत्र सारखेच दिवस असतील आणि मुख्य ठिकाण ठरवताच येत नसेल, तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होईल त्याच्याकडे. कोलोनच्या मेळ्याला पाच दिवस, पॅरिसला दोन आणि अँटवर्पला दोन, असा प्रवास असेल तर अर्ज जर्मनीकडे, यात संशय नाही. परंतु भेटीच्या तारखा लवकर मिळतात म्हणून तिसऱ्याच देशाची खोटी हॉटेल-नोंदणी दाखवून तिकडे अर्ज करण्याचा सल्ला काही एजंट देतात. व्हिसा मिळतोही. मग विमान फ्रँकफर्टला उतरते, अधिकारी व्हिसावरचा देश पाहतो आणि विचारतो, “तिकडे केव्हा जाणार? नोंदणी दाखवा.” ती नोंदणी तर व्हिसा मिळाल्याच दिवशी रद्द केलेली असते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. स्वाध्यायात हे शब्द आपण अनेकदा उच्चारले असतील. पहिल्याचा अर्थ खोटे लेख तयार करणे. दुसरा राज्याच्या नियमांचे उल्लंघन करण्याविषयी आहे. हे दोष व्यापारी श्रावकाला उद्देशूनच सांगितले असावेत असे वाटावे, इतके ते येथे चपखल बसतात. एजंटाने आणून दिलेला ‘बँकेचा दाखला’ किंवा ‘निमंत्रणपत्र’ खरे आहे की नाही, हे न पाहता खाली सही करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनेही त्या मजकुराचा धनी असतो.

पेढीचे कागद, घरचे कागद

नोकरदाराचे काम सोपे असते. वेतनाची पावती, रजेचे पत्र, आयकराचे विवरण दिले की त्याचे चित्र पूर्ण होते. व्यापारी कुटुंबाचे तसे नाही. पेढी आजोबांच्या नावावर, दुकानाची जागा आईच्या नावावर, चालू खाते भागीदारीचे, आणि प्रवास करणाऱ्या मुलाच्या बचत खात्यात जेमतेम शिल्लक, ही आपल्याकडची नित्याची स्थिती. घर सुस्थितीत असते, परंतु कागदावर तो मुलगा निष्कांचन दिसतो! मग कोणीतरी सुचवते, की अर्जाआधी खात्यात चार लाख टाकून ठेवा. व्हिसा अधिकारी खात्याचा सहा महिन्यांचा उतारा पाहतात. आठवड्यापूर्वी अचानक आलेली मोठी रक्कम त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि ती संशयालाच निमंत्रण देते.

यावर सरळ मार्ग उपलब्ध आहे. पेढीचा खर्च असेल तर पेढीच्या लेटरहेडवर तसे लिहून द्यावे : अमुक भागीदार अमुक कामासाठी जात असून तिकीट, मुक्काम व विमा यांचा खर्च पेढी करील. सोबत भागीदारीचा करारनामा, जीएसटी नोंदणी, निर्यात करीत असल्यास आयात-निर्यात कोड, पेढीच्या चालू खात्याचा उतारा आणि गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडावीत. खर्च हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यातून होणार असेल तर कर्त्याचे पत्र आणि नाते दाखवणारा कागद द्यावा. कर्ता, पेढी, अविभक्त कुटुंब या कल्पना परक्या अधिकाऱ्याला ठाऊक असतीलच असे नाही. चार ओळींत त्या समजावून सांगण्यात कमीपणा मानू नये.

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे अर्जासोबतचे स्वतःचे पत्र. एजंटाकडचे छापील पत्र शेकडो अर्जांना जोडलेले असते आणि ते वाचताक्षणी ओळखू येते. स्वतःच्या पत्रात काय असावे? आपला धंदा कोणता आणि किती वर्षांपासूनचा, या खेपेला कोणाला भेटायचे, ते ग्राहक जुने की नवे, कोणत्या दिवशी कोठे असणार, आपल्या गैरहजेरीत पेढी कोण पाहणार, आणि परत येऊन कोणते काम हाती घ्यायचे आहे. हळदीच्या व्यापाऱ्याने नवा हंगाम अमुक महिन्यात सुरू होतो, त्याआधी खरेदीला हजर राहणे भाग आहे, असे लिहिले तर ते कोणत्याही मालमत्तेच्या उताऱ्याइतकेच बोलके ठरते. मुदतीच्या आत परत जाण्याच्या इराद्याविषयी शंका, हे नकाराचे आणखी एक ठरलेले कारण आहे. त्याला उत्तर असेच द्यावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळी अडचण दिसते. घरातील कितीतरी सुना-लेकी पेढीचे हिशेब पाहतात, ग्राहकांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करतात, मेळ्यात गाळ्यावर उभ्या राहण्याची त्यांची तयारी असते. परंतु करारनाम्यात त्यांचे नाव नसते आणि अर्जात ‘गृहिणी’ असे लिहावे लागते. मग व्यापारी भेटीसाठी गृहिणी कशी जाते, हा प्रश्न उपस्थित होतो. जी स्त्री काम करते तिचे नाव भागीदार म्हणून किंवा वेतनपत्रकावर नोंदवावे, हे व्हिसासाठीच नव्हे तर एरवीही न्यायाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अर्जाच्या आठवड्यात घाईने तशी नोंद करू नये, एवढेच.

नावांचा घोळ हा तर महाराष्ट्रातल्या घराघरांतला. एका कागदावर ‘शहा’, दुसऱ्यावर ‘शाह’. लग्नानंतर स्त्रीचे आडनावच काय, कधी कधी नावही बदललेले. जन्मदाखल्यावर घरचे लाडके नाव आणि पासपोर्टवर शाळेतले. पत्नीला पतीसोबत जायचे असेल तर लग्नाची पत्रिका व मंदिरातील विवाहाची छायाचित्रे पुरेशी होत नाहीत. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. १९९८ च्या महाराष्ट्रातील विवाह नोंदणी कायद्यानुसार ते मिळते. ज्यांनी अद्याप नोंदणी केली नसेल त्यांनी प्रवासाची वाट न पाहता ती उरकून घ्यावी.

उरलेल्या अटी थोडक्यात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा संपूर्ण मुक्कामापुरता हवा. शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. सहा वर्षांखालील बालकांना शुल्क नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा उपयोगात आणता येतात.

वेळेचे गणित मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस लागतात, पण अधिक तपास लागल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. खरी अडचण अर्जकेंद्रावरील भेटीची तारीख मिळण्याची. एप्रिल ते जून सहलींचा हंगाम असतो, तेव्हा तारखांची टंचाई होते. अनुगा विषम वर्षांत ऑक्टोबरमध्ये भरतो. म्हणजे त्याची तयारी नेमकी चातुर्मासात आणि पर्युषणाच्या आगेमागे येते. उपवासाच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या खेपा नकोशा वाटतात आणि अर्ज ‘पर्व झाल्यावर’ करू म्हणून ढकलला जातो. आषाढातच ठसे देऊन मोकळे व्हावे, हे उत्तम. हाइमटेक्स्टिल जानेवारीत असतो. त्याचे कागद दिवाळीपूर्वी तयार ठेवावेत.

नव्वद दिवस कसे मोजावेत

व्हिसा हाती आला की त्यावरील तीन गोष्टी नीट वाचाव्यात : वैधतेच्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस. तारखा १ ते ३० एप्रिल आणि मुक्काम १५ दिवस असे लिहिले असेल, तर त्या तीस दिवसांच्या कक्षेत केवळ १५ दिवस राहता येते. जादा दिवस विमान पुढे-मागे झाल्यास सोय व्हावी म्हणून दिलेले असतात. ते मुक्कामात धरायचे नसतात.

भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये एक स्वागतार्ह बदल केला. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्या व भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा. वारंवार जाणाऱ्या व्यापाऱ्यांना ही मोठीच सवलत होय. परंतु पाच वर्षांच्या व्हिसाचा अर्थ पाच वर्षे राहण्याची मुभा असा कोणी करू नये. ९० दिवसांची मर्यादा तेथेही कायम असते.

ही मर्यादा कशी मोजतात, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक गृहस्थ १० जानेवारी २०२६ रोजी अँटवर्पला पोहोचले आणि १० मार्चला परतले. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. म्हणून जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे १०, असे एकूण ६० दिवस झाले. पुन्हा ते १ मे रोजी गेले. आता त्यांच्याजवळ ३० दिवस उरले आहेत. ३० मे हा शेवटचा दिवस. काहींची समजूत अशी असते, की एकदा बाहेर पडून परत शिरले की मोजणी नव्याने सुरू होते. तसे नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आपण किती दिवस तेथे होतो ते पाहायचे. या हिशेबाने हे गृहस्थ ८ जुलैला गेले तर ९१ दिवस भरतात. ९ जुलैला मात्र १० जानेवारीचा दिवस खिडकीबाहेर पडतो आणि त्यांना प्रवेश घेता येतो. मुलीच्या बाळंतपणाला जाऊन आलेल्या आईला वडिलांच्या व्यापारी दौऱ्यात लगेच सोबत जायचे असेल, तर तिचे दिवस अशाच रीतीने वेगळे मोजावे लागतात.

पूर्वी पासपोर्टवरील शिक्के पाहून अधिकारी हे गणित करीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यात चेहऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात. पुसट शिक्क्यावर हवाला ठेवण्याचे दिवस आता गेले. एक दिवसाचीही चूक आपोआप दिसते. मुदतीहून जास्त राहिल्यास दंड, पुढील प्रवेशास बंदी किंवा पुढचा व्हिसा नाकारला जाणे, यांपैकी काहीही ओढवू शकते.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळाला, असेही नाही. सीमेवरचा अधिकारी तीच कागदपत्रे पुन्हा मागू शकतो. निमंत्रणपत्र, मेळ्याचे प्रवेशपत्र, हॉटेलची नोंदणी, परतीचे तिकीट व विम्याचा कागद मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा. १०,००० युरो वा त्याहून अधिक रोख रक्कम असेल तर ती जाहीर करावी लागते. नमुन्याचा मौल्यवान माल नेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की व्हिसा माणसाचा असतो, मालाचा नव्हे. मेळ्यासाठी तात्पुरता नेऊन परत आणायच्या मालाला ‘एटीए कार्नेट’ नावाचा वेगळा दस्तऐवज असतो आणि तो भारतात फिक्कीमार्फत मिळतो. आणि हो, तुपाचा डबा व पेढ्यांचा पुडा! युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. लेकीसाठी प्रेमाने कढवलेले साजूक तूप विमानतळाच्या कचराकुंडीत जाताना पाहणे क्लेशदायक असते; खाकरे, भाजणी, मेतकूट न्यावे.

नकार आला तर

नकाराचे पत्र ठरावीक नमुन्याचे असते. त्यात कारणांपुढे खुणा केलेल्या असतात. शुल्क परत मिळत नाही. पत्र आले की पहिली प्रतिक्रिया संतापाची असते, आणि दुसरी, लगेच दुसऱ्या देशाकडे अर्ज करण्याची. ही दुसरी प्रतिक्रिया घातक होय. शेंगेन देशांची व्हिसा-माहिती एकाच कोशात साठवलेली असते आणि ती पाच वर्षे राहते. जर्मनीने दिलेला नकार फ्रान्सच्या अधिकाऱ्याला दिसतो. अन्य देशांच्या अर्जांतही पूर्वी कधी नकार मिळाला आहे काय, असे विचारलेले असते. तेथे ‘नाही’ लिहिणे हे मूळ नकारापेक्षा कितीतरी अधिक नुकसानकारक ठरते.

खूण कोणत्या कारणापुढे आहे ते पाहून त्याच मुद्द्याचे कागद सुधारावेत. अपिलाचा हक्क असतो. त्याची रीत मात्र देशागणिक निराळी. बेल्जियमच्या नकारावर तेथील परकीयविषयक न्यायमंडळाकडे तीस दिवसांत जाता येते. जर्मनीत पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती पद्धत बंद झाली, आता नवा अर्ज करावा किंवा न्यायालयात जावे. मेळा आठ दिवसांवर आलेला असताना अपिलाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्या मेळ्यापुरता नाही, हे खरे. अशा वेळी नवा, पूर्ण व स्पष्ट अर्ज, ‘यापूर्वी अमुक कारणाने नकार मिळाला होता, त्यासंबंधीचा पुरावा आता जोडला आहे’ या वाक्यासह, अधिक फलदायी ठरू शकतो.

अँटवर्पला राहायला जायचे तर

अँटवर्पच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकालगत होवेनियर्सस्ट्राट या छोट्या गल्लीभोवती हिऱ्यांचा बाजार वसला आहे. पालनपूरकडील जैन कुटुंबांनी तेथे दोन-तीन पिढ्यांत मोठे स्थान मिळवले, आणि विल्रेइक या उपनगरात संगमरवरी जिनमंदिर उभे राहिले. त्यामुळे तेथे मुलाला पाठवताना परदेशी पाठवत आहोत असे पालकांना वाटतच नाही. मंदिर आहे, साधर्मिक आहेत, कांदा-लसणाविना जेवण मिळते. या आपलेपणातच एक धोका दडलेला आहे. ओळखीच्या पेढीत बसण्यासाठी मुलगा ‘भेटीच्या’ व्हिसावर निघतो, आणि रीतसर परवान्याची गोष्ट ‘तिकडे गेल्यावर’ पाहू असे ठरते. ते तिकडे गेल्यावर सहसा होत नाही. परवाना भारतात असतानाच मिळवावा लागतो.

मार्ग दोन आहेत. पेढीत नोकरी करायची असेल तर ‘एकत्रित परवाना’ हवा. त्याचा अर्ज तेथील मालक करतो. कामाची परवानगी प्रादेशिक सरकार देते, मुक्कामाची परवानगी केंद्रीय परकीय कार्यालय. अँटवर्प फ्लँडर्स प्रदेशात असल्यामुळे फ्लँडर्सचे नियम लागतात. ब्रुसेल्समधील नातेवाइकाचा अनुभव जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. दुसरा मार्ग स्वतःच्या व्यवसायाचा, किंवा पेढीत भागीदार म्हणून जाण्याचा. त्यासाठी ‘व्यावसायिक कार्ड’ लागते. त्याचा अर्ज भारतातील बेल्जियन वकिलातीत करतात, आणि त्या धंद्याने तेथील अर्थव्यवस्थेला काय लाभ होईल, हे पटवून देणारा आराखडा जोडावा लागतो. यांपैकी एक मंजुरी मिळाल्यावर ‘डी’ व्हिसा मिळतो. त्याला पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला लागतो. भारतीय दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टील’ शिक्का हवा. जन्म-विवाहाच्या दाखल्यांना त्याआधी राज्य शासनाचे प्रमाणन. यात महिने जातात. सोयरीक ठरवताना ‘मुलगा अँटवर्पला असतो’ असे सांगितले गेले, तर तो कोणत्या परवान्यावर असतो, हे मुलीच्या वडिलांनी विनासंकोच विचारावे. पत्नीला तेथे राहायला जाण्यासाठी कुटुंब-एकत्रीकरणाचा ‘डी’ व्हिसा लागतो आणि तो पतीचा परवाना, उत्पन्न, घर व आरोग्यविमा यांवर अवलंबून असतो. पती भेटीच्या व्हिसावर ये-जा करीत असेल, तर नववधूला तेथे संसार थाटण्याचा मार्गच नसतो.

आईवडिलांना कायमचे नेण्याची सोय अशा परवान्यावर राहणाऱ्या मुलाला सहसा नसते. त्यांना अल्प मुक्कामाचा व्हिसा घेऊन, नव्वद दिवसांच्या मर्यादेत जावे लागते. मुलाच्या घरी उतरणाऱ्या पालकांसाठी मुलाला तेथील नगरपालिकेत हमीपत्र करून द्यावे लागते. ते औपचारिक समजू नये. पाहुण्याचा उपचारांचा, मुक्कामाचा व परत पाठवणीचा खर्च दोन वर्षांपर्यंत हमीदारावर टाकता येतो. म्हणून वयस्कर आईवडिलांचा विमा घेताना रक्तदाब, मधुमेह इत्यादी जुने विकार लपवून स्वस्त विमा घेण्याची काटकसर करू नये.

‘डी’ व्हिसावर पोहोचलेल्या माणसाने कामाच्या आठ दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवायचे असते. त्यानंतर मोहल्ल्याचा पोलीस शिपाई एखाद्या दिवशी न कळवता घरी येतो आणि आपण खरोखर तेथे राहतो की नाही ते पाहून जातो. त्याची भेट झाल्यावरच निवासाच्या कार्डाचे काम पुढे सरकते. काकांच्या घरी उतरलेल्या मुलाने दाराच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर काकांच्या नावाखाली स्वतःचे नाव चिकटवून ठेवावे. ते तेथे दिसले नाही, तर शिपाई बेल न वाजवताच परत जाण्याचा संभव असतो.